तळावरच्या शेवाळाची गिऱ्हाइकं

लावणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी भातखाचराच्या पाण्यात वाकून पाहा. चिखलावर निळसर-हिरवा बुळबुळीत थर धरलेला दिसतो. उन्हं चढली की त्यातून ऑक्सिजनचे बुडबुडे सुटतात आणि थराच्या खपल्या उचलून वर आणतात. त्याच थरावर मोहरीहून बारीक, दोन शिंपल्यांत बंद असलेले ऑस्ट्रॅकॉड लगबगीनं चरत असतात.

या थराला आपण नील-हरित शेवाळ म्हणतो, पण ती वनस्पती नव्हे. त्याच्या पेशीत केंद्रकच नसतं. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू.

गैरसमज : शेवाळखत टाकलं की पिकाला नत्र मिळालाच.

हवेतला नत्र खाचरात स्थिर करण्याचं श्रेय या जिवाणूंना जातं, हे पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवून दिलं. पुढे हेक्टरी १० किलो शेवाळखताची शिफारस रुळली. खाणाऱ्यांचा हिशेब मात्र फारसा कुणी धरला नाही. ऑस्ट्रॅकॉड, गोगलगाई आणि चिलटांसारख्या कायरोनॉमिड माश्यांच्या अळ्या वाढल्या, की टाकलेलं शेवाळ मूळ धरण्याआधीच फस्त होतं. त्यातही तंतूंसारख्या जाती आधी जातात; बुळबुळीत गोळ्यांनी वाढणाऱ्या नॉस्टॉकला सहसा तोंड लागत नाही. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९८०च्या दशकात यावर उपाय म्हणून वापरली गेली ती आपली निंबोळी! चरणारे जीव आटोक्यात आले आणि नत्र स्थिरीकरण वाढलं.

पण म्हणून या जिवांना सरसकट शत्रू ठरवणंही चूक. खाल्लेल्या नत्राचा मोठा भाग त्यांच्या उत्सर्जनातून अमोनियाच्या रूपात पाण्यात परततो, आणि चिखलातले ट्युबिफेक्ससारखे कृमी माती खालीवर करून पोषकद्रव्यं मोकळी करतात.

गैरसमज : खाणारा आणि खाल्ला जाणारा, एवढंच यांचं नातं.

उत्तर अमेरिकेतल्या खळाळत्या ओढ्यांत दगडांवर नॉस्टॉकच्या लहान गोल वसाहती असतात. क्रायकोटोपस या माशीची अळी अशा एका गोळ्यात शिरते. एका गोळ्यात साधारण एकच अळी. ती आतले तंतू खाते, तरी वसाहत मरत नाही. उलट तिचा आकार बदलतो. गोळ्याची कानाच्या पाळीसारखी चपटी चकती होते आणि प्रवाहात उभी राहते. त्यामुळे प्रकाशसंश्लेषणही वाढतं. चकती दगडावरून सुटली, तर अळी रेशमी धाग्यानं ती पुन्हा चिकटवते. कोश होईपर्यंत तिचा मुक्काम आतच. पोटभर खाऊन घराची डागडुजीही करणारा असा भाडेकरू शोधून सापडणार नाही.

गैरसमज : शिंपले सोडले की तळं स्वच्छ होतं.

अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या ईरी सरोवरात बाहेरून आलेले झेब्रा शिंपले बेसुमार वाढले आणि पाणी सुरुवातीला खरोखर नितळ झालं. पण हे शिंपले पाणी गाळताना मायक्रोसिस्टिस या सायनोबॅक्टेरियाचे विषारी पुंजके बाहेर थुंकतात आणि इतर शैवाल तेवढं खातात. म्हणजे स्पर्धक कमी आणि मायक्रोसिस्टिसला रान मोकळं. शिवाय थंडीत हा जिवाणू गाळात निपचित पडून राहतो. तळातल्या अळ्यांनी आणि कृमींनी गाळ उकरला, की त्याच्या पेशी पुन्हा पाण्यात येतात. स्वच्छतेसाठी जीव सोडण्यापेक्षा तळ्यात जाणारं सांडपाणी आणि खताचं फॉस्फरस अडवणं हाच खरा उपाय, तो महाग असला तरी.

गैरसमज : हिरवं पाणी उकळलं की पिण्याजोगं.

हा गैरसमज जिवावर बेतणारा आहे. मायक्रोसिस्टिसचं यकृतावर हल्ला करणारं विष उकळून नष्ट होत नाही. उलट पेशी फुटून ते पाण्यात उतरतं आणि पाणी आटलं की आणखी तीव्र होतं. ऑगस्ट २०१४ मध्ये ईरीकाठच्या टोलेडो शहरात चार लाखांहून अधिक लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही नका, असं सांगावं लागलं. तेव्हा तळ्यावर हिरव्या रंगाची साय दिसली, तर ते पाणी पिऊ नका, गुरांना आणि कुत्र्यांनाही पाजू नका.