आजी, अंगणवाडी आणि लातूरची खोली

अहमदपूर तालुक्यात पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं, आणि मुलाचं संगोपन आजीच्या हातून सुरू होतं. सव्वा महिना बाळ-बाळंतीण फारशी घराबाहेर पडत नाहीत. रोज सकाळी आजी पाय लांब करून बसते, बाळाला नडग्यांवर पालथं घेते, तेलानं चोळते, कढत पाणी घालते, टाळूवर तेल जिरवते. मग शेक आणि ओवा-वावडिंगाची धुरी. जुन्या लुगड्यात गुंडाळलं की बाळ तास-दोन तास हूं की चूं करत नाही.

हलक्या हातानं चोळायला बालरोगतज्ज्ञांची ना नाही. धुरीनं मात्र कोवळी छाती भरते, नाकात सोडलेलं तेल फुप्फुसात उतरू शकतं, आणि काही काजळांत शिसं सापडतं. वेखंड, हळकुंड, जायफळ सहाणेवर उगाळून दिलेली घुटी म्हणजे जुलाबाला आमंत्रण. पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको. पूर्वी पिळून टाकला जाणारा चीक तर आधी पाजायचा. सगळंच मोडीत काढलं की आजी रुसते, म्हणून चोळणं राहू द्या, नाकातलं तेल, धुरी, काजळ, घुटी तेवढी सोडा, एवढं सांगितलेलं बरं.

पुढचा भार अंगणवाडीवर. ती चालवणारी एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. अंगणवाडीत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं वजन होतं, लसीकरणाची आठवण दिली जाते आणि तीन ते सहा वयाच्यांना गरम आहार मिळतो.

इथल्या डोंगराळ बालाघाटात कोरडवाहू शेतीवर वर्ष निघत नाही. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं, म्हणजे एक ‘कोयता’, मुकादमाची उचल फेडायला कारखान्यावर जातं. तान्हं पोर सोबत जातं. फडातच, पाचटाच्या सावलीला, साडीच्या झोळीत वाढतं. शाळेतलं पोर आजीपाशी राहतं. अशा मुलांसाठी गावातल्या शाळेतच हंगामी वसतिगृहाची सोय असते. ती वेळेवर सुरू झाली नाही, तर पोर फडावर जातं आणि शाळा सुटते. मोठी बहीण बरोबर असेल, तर तान्ह्याची आई तीच होते.

शेतकरी, नोकरदार घरांत ताटातूट दहावीनंतर. राजर्षी शाहू महाविद्यालयामुळे गाजलेल्या ‘लातूर पॅटर्न’ या अभ्यासपद्धतीसाठी मुलगा-मुलगी लातूरला. परवडत असेल तर आईही खोली करून राहते, डबा आणि पहाटेचा गजर सांभाळते, आणि बाप शेताकडं एकटा.