पित्त म्हणून सोडून दिलेली कळ

रात्रीची भांडी आवरताना अचानक मळमळू लागतं, कपाळावर गार घाम येतो, पाठीत दोन्ही खांद्यांच्या मधोमध दुखतं आणि छातीवर कुणी दाबून धरल्यासारखं वाटतं. बाई पन्नाशीच्या आतली असेल तर घरात पहिला शब्द निघतो तो ‘पित्त’. मग ओवा, थंड दूध आणि ‘जरा पड, बरं वाटेल’. हाच शब्द बऱ्याचदा तिच्याही तोंडी असतो. अमेरिकेत ५५ वर्षांपर्यंतच्या सुमारे ३००० हृदयविकाराच्या रुग्णांना झटक्यानंतर सविस्तर विचारलं गेलं. हा त्रास ताणामुळे किंवा काळजीमुळे होतोय असं २१ टक्के स्त्रियांना वाटलं होतं. पुरुषांत हे प्रमाण १२ टक्के होतं.

बायकांच्या झटक्यात छातीत दुखतच नाही, असं अलीकडे सर्रास सांगितलं जातं. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असला तरी हे अर्धसत्य आहे, आणि मला ते धोक्याचं वाटतं. याच पाहणीत छातीतल्या दुखण्याची किंवा दडपणाची तक्रार ८७ टक्के स्त्रियांनी सांगितली आणि जवळपास ९० टक्के पुरुषांनी. फरक जवळजवळ नाहीच. वेगळेपण आहे ते त्याच्या जोडीला येणाऱ्या त्रासात: धाप, मळमळ, जबड्यात वा मानेत दुखणं, अंगातलं त्राण जाणं. अशी तीन किंवा अधिक लक्षणं ६२ टक्के स्त्रियांना होती, पुरुषांपैकी ५५ टक्क्यांना. म्हणजे बाई डॉक्टरांसमोर बसून पाच तक्रारी सांगते, त्यांत छातीची एक असते, आणि ऐकणाऱ्याच्या कानात उरलेल्या चारच राहतात. झटका येण्याआधी ज्यांनी डॉक्टर गाठला होता, त्यांतल्या ५३ टक्के स्त्रियांना हे हृदयाचं दुखणं वाटत नाही असं सांगितलं गेलं. पुरुषांच्या बाबतीत असं ३७ टक्के वेळा घडलं. माझ्या मते खरा फरक दुखण्यापेक्षा ऐकण्यात जास्त आहे.

यावर कुणी १९९४ ते २००६ या काळातल्या अकरा लाखांहून अधिक रुग्णांच्या अमेरिकी नोंदी पुढे करील. त्यांत ४२ टक्के स्त्रियांना छातीत दुखलं नव्हतं, पुरुषांत ३१ टक्क्यांना. आक्षेप रास्त आहे. पण त्या स्त्रिया पुरुषांहून सरासरी सात वर्षांनी मोठ्या होत्या आणि वाढत्या वयात छातीत न दुखता येणारे झटके दोघांतही वाढतात. फरक वयाने पूर्ण मिटत नाही, हेही खरं. पंचेचाळिशीच्या आतल्या स्त्रियांत तर तो सर्वांत ठळक होता. मात्र ते आकडे रुग्णालयाच्या कागदांवरून काढलेले होते, आणि जे कुणी नीट विचारलंच नाही ते कागदावर येत नाही. शिवाय त्या नोंदींतही निम्म्याहून अधिक स्त्रियांना छातीत दुखलंच होतं.

मग प्रत्येक ढेकरेसाठी दवाखाना गाठायचा का? नाही. पण अचानक सुरू झालेलं, घाम किंवा धाप घेऊन आलेलं, काही मिनिटांत न ओसरणारं दडपण असेल तर १०८ ला फोन करावा. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी पोहोचल्यापासून दहा मिनिटांत व्हावा, असा संकेत आहे. पहिला ईसीजी स्वच्छ आला तरी झटका नाही असं ठरत नाही. म्हणून हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन हे प्रथिन तपासतात. निरोगी स्त्रियांत ते पुरुषांपेक्षा कमी असतं. दोघांना एकच मर्यादा लावली की काही स्त्रियांचा झटका त्या रेषेखाली दडून राहतो. एडिंबरोच्या संशोधकांनी अतिसंवेदनशील चाचणीत स्त्रियांसाठी १६ आणि पुरुषांसाठी ३४ अशा वेगळ्या मर्यादा लावल्या, तेव्हा झटक्याचं निदान झालेल्या स्त्रियांचं प्रमाण ११ टक्क्यांवरून २२ वर गेलं. पुरुषांचं १९ वरून जेमतेम २१ वर. पुढच्या मोठ्या अभ्यासात मात्र या नव्या मोजमापाने वर्षभरातले झटके आणि हृदयविकाराचे मृत्यू घटलेले दिसले नाहीत. निदान कागदावर आलं, तरी त्या स्त्रियांना अँजिओप्लास्टी आणि पुढची औषधं पुरुषांच्या मानाने कमीच मिळाली होती.