चौकोनातील धडा

बालभारतीचे अलीकडचे एखादे पाठ्यपुस्तक उघडले, तर त्यात काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक चिमुकला चौकोन आढळतो. यालाच क्यूआर संकेत म्हणतात. १९९४ साली जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सिद्ध केला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद झटपट व्हावी म्हणून. कारखान्यातील युक्ती शाळेत यावी, हे गमतीचे खरे! त्याच्या तीन कोपऱ्यांतील ठळक चौकोन यंत्राला दिशा दाखवितात; म्हणून पुस्तक उलटे धरले तरी बिघडत नाही. योजना उत्तम प्रतीची असेल, तर सुमारे ३० टक्के भाग पुसला गेला तरी संकेत वाचता येतो.

परंतु या चौकोनात धडा नसतो. धड्याचा केवळ पत्ता असतो. फाटके पान चालते, तुटलेला संपर्क चालत नाही. मुख्याध्यापकांच्या अडचणींचा प्रारंभ येथेच होतो.

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी हे लहानसे गाव आहे. रणजितसिंह डिसले २००९ साली तेथील जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले, तेव्हा गोठा व कोठार यांच्या मध्ये शाळेची मोडकळीस आलेली इमारत उभी होती. त्यांनी पाठ्यपुस्तकांना संकेत जोडून कविता, गोष्टी, स्वाध्याय मुलांच्या कानाडोळ्यांपर्यंत पोहोचविले. २०१७ साली महाराष्ट्र शासनाने ही पद्धत सर्व इयत्तांसाठी स्वीकारली, आणि ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरांचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातील अर्धी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ स्पर्धकांना वाटून दिली. वर्तमानपत्रांनी चौकोनाचे कौतुक केले, ते योग्यच. पण डिसले यांनी पुस्तके मुलांच्या मातृभाषेत उतरविली, हे मला अधिक मोलाचे वाटते. माझी मायबोली कोंकणी, पदवी कला शाखेची. यंत्रांवर मी अधिकाराने काय बोलावे? मात्र घरी वारली किंवा धोडिया बोलणारे मूल पडद्यावरील प्रमाण मराठीसमोर कसे गप्प होते, ते मी जाणतो.

यंत्र आणणे त्यामानाने सोपे. एका शाळेत प्रक्षेपक आला आणि मोडेल या भीतीने कपाटात बसला. किल्ली कोणी सांभाळावी, पावसाळ्यात वीज गेली तर तास कसा भरावा, दुरुस्तीचा खर्च कोणत्या खात्यातून करावा, शिकविण्यात मुरलेल्या ज्येष्ठ गुरुजींना त्यांचा मान राखून नवे कसे शिकवावे, हे प्रश्न यंत्रासोबत येतात. उत्तरे मात्र त्या खोक्यात नसतात.

२०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा सिल्वासाच्या परिसरात ही गोष्ट फारच जाणवली. कित्येक घरांत एकच फोन, तोही वडिलांबरोबर कारखान्यात जाई. दुसरी पाळी सुटून तो घरी येईपर्यंत मूल झोपलेले असे. अखेर परिचयाच्या एका मुख्याध्यापकांनी हाताने स्वाध्याय लिहिले, त्यांच्या प्रती काढल्या आणि पाड्यापाड्यांवर पाठविल्या.