१२३४५६७८९८७६५४३२१ : एका डेम्लो संख्येचे गुणधर्म

नाशिकजवळील देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ या काळात अध्यापन करणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचे नाव सामान्यतः ६१७४ या स्थिरांकाशी जोडले जाते. त्या मानाने त्यांच्या डेम्लो संख्यांकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून कापरेकरांनी हे नामकरण केले.

डेम्लो संख्येचे तीन भाग पडतात. डाव्या व उजव्या भागांची बेरीज केली असता जो अंक पुनःपुन्हा येतो, तोच मधल्या भागात असतो. उदाहरणार्थ, २५५३ मध्ये २ + ३ = ५ आणि मध्ये ५५. शीर्षकातील सतरा अंकी संख्येत १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९ आणि मध्ये ९ आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील स्थाननामांनुसार तिचा पहिला अंक 'मध्य' स्थानी येतो.

सदर संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग होय. गुणाकार मांडताना नऊ एककांच्या नऊ ओळी प्रत्येकी एक घर सरकवून लिहाव्या लागतात. स्तंभांच्या बेरजा १, २, … ९ … २, १ अशा येतात व हातचा कोठेही उरत नाही. दहा एककांचा वर्ग घेताच मधल्या स्तंभात १० येतात, हातचा पुढे जातो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ मिळते. सममिती तेथेच मोडते.

अवयव पाडल्यास ३^४ × ३७^२ × ३३३६६७^२ मिळतात; म्हणून विभाजक ५ × ३ × ३ = ४५. अंकांची बेरीज ८१ असून ८१ ने भाग जातो व भागाकार १२३४५६७९ चा वर्ग, म्हणजे १५२४१५७८९९७१०४१ येतो. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येस कापरेकरांनी 'हर्षद' म्हटले आहे. न एककांच्या वर्गात (न ९ पर्यंत) अंकांची बेरीज न^२ असते. तेव्हा न ने त्या एककांच्या संख्येस भाग गेला पाहिजे. हे न = १, ३ व ९ साठीच घडते. म्हणजे १, १२३२१ आणि प्रस्तुत संख्या एवढ्याच हर्षद ठरतात.

अशा गुणधर्मांस गणित म्हणावे काय, हा प्रश्न जुना आहे. हार्डी यांनी १९४० मध्ये ८७१२ व ९८०१ यांच्या अंकवैशिष्ट्यांची गणना गंभीर गणितात केली नाही. आक्षेप अंशतः रास्त आहे; अवयव संख्येचे स्वतःचे, तर सममिती दशमान लेखनाची. परंतु अष्टमान पद्धतीत सात एककांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असाच येतो. कोणत्याही पायात, पायाहून एकाने कमी इतक्या एककांपर्यंत ही रचना टिकते. हे विधान एका संख्येपुरते उरत नाही. कापरेकरांच्या कामाला केवळ करमणूक म्हणणाऱ्यांनी ते तपासावयास हवे होते. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील सदरात कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा त्यांना शाळेतून निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती.