पोरांच्या दातांवरचे डाग : घासण्याचा दोष की वाढीचा?



ऊस विकास खात्याच्या माणसाने लागण-खोडव्यावर लिहावे, दातांवर कशाला, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. भोर-वेल्ह्याच्या गावांतून फिरताना पुष्कळ मुलांच्या दातांवर पांढरे, पिवळे, तपकिरी डाग किंवा बारीक खड्डे दिसतात. घरचे म्हणतात, "दात घासायचा आळस, दुसरं काय!" पोर राखुंडीने दात घासघास घासते, डाग तसाच. मग ते तोंडावर हात धरून हसायला लागते. मुलीच्या बाबतीत गोष्ट पार लग्नाच्या बोलणीपर्यंत जाते. पण यातले अनेक डाग दात हिरडीखाली असतानाच पडलेले असतात. त्यात पोराचा दोष नसतो.

उसावरून समजून घेऊ

उन्हाळ्यात पाण्याचा ताण पडला की त्या वेळची कांडी आखूड राहते. पुढे भरपूर पाणी दिले तर नंतरच्या कांड्या लांब होतात, पण आखूड राहिलेली आखूडच. दाताचेही तसेच आहे. दातावरचे कठीण कवच म्हणजे इनॅमल. शरीरात याहून कठीण काही नाही. वजनात सुमारे 96 टक्के खनिजच. ते बनवणाऱ्या पेशी दात बाहेर येईपर्यंत आपले काम संपवून नाहीशा होतात. म्हणून मोडलेले हाड सांधते, पण इनॅमल पुन्हा उगवत नाही.

दुधाच्या दातांचे इनॅमल आईच्या पोटात चौथ्या महिन्याच्या सुमारास बनू लागते. कायमच्या पहिल्या दाढेचे जन्माच्या सुमारास, तर पुढच्या बहुतेक दातांचे पहिल्या वर्षात. अक्कलदाढ सोडली तर सात-आठ वर्षांपर्यंत सगळे काम उरकते. या काळात ताण पडला की खूण राहते.

ताण कशाचा?

1. दिवस भरण्याआधी जन्म, कुपोषण, लहानपणचा मोठा आजार व ताप.
2. दुधाचा दात किडून पू झाला किंवा त्याला मार बसला, तर त्याखालचा कायमचा दात डागाळतो.
3. गरोदर बाईला किंवा आठ वर्षांच्या आतील मुलाला टेट्रासायक्लीन गोळ्या दिल्यास दात पिवळे-करडे होतात. दुकानातून परस्पर औषध आणू नये.
4. काही घराण्यांत हा दोष पिढीजात असतो. तेव्हा बहुधा सगळेच दात खराब दिसतात.
5. पिण्याच्या पाण्यात जादा फ्लोराइड.

फ्लोराइडचे कारण अमेरिकेत 1931 मध्ये सापडले. आपल्या देशात 1937 मध्ये नेल्लोर जिल्ह्यातून या विकाराची नोंद झाली. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड, बीड या जिल्ह्यांत काही गावांच्या विहिरी-बोअरमध्ये ते जास्त आढळते. तेव्हा तोडीला बीडकडून आलेल्या टोळीतल्या मुलाच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसले तर त्याला घाणेरडा म्हणू नये. ते गावच्या पाण्याचेही असू शकतात.

आपल्याकडे भाटघर, गुंजवणी, पानशेतचे पाणी म्हणजे साठलेला पाऊस. त्यात फ्लोराइड सहसा कमी असते. तरी पिण्यासाठी खोल बोअर घेतली तर ग्रामपंचायतीमार्फत पाणी तपासून घ्यावे. भारतीय मानकानुसार लिटरला 1 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत चालते. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटते आणि प्रमाण वाढते.

उपाय काय?

गेलेले इनॅमल येत नाही, पण उरलेले राखता येते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. कुठलाही दात न पडता ती येते म्हणून आईबाप तिलाही दुधाचीच समजतात. ती कायमची असते! तिच्यावर पिवळट-तपकिरी डाग असेल, गार पाण्याने ती शिवशिवत असेल, कोपरा ढासळत असेल, तर ताबडतोब दातांच्या डॉक्टरांना दाखवावे. वेळेवर फ्लोराइडचा लेप, सिमेंट किंवा टोपी बसवली तर दाढ वाचते. उशीर झाला तर काढावी लागते.

फ्लोराइड असलेल्या पेस्टने दिवसातून दोनदा दात घासावेत. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ती थुंकायला शिकवावे. जादा फ्लोराइड पोटात गेले तर अपाय, दातावर थोडे लागले तर फायदा, हा फरक ध्यानात ठेवावा. राखुंडी, विटकर, मिश्रीने कवच झिजते. मिश्रीत तंबाखू असते, ती तर घरातूनच हद्दपार करावी.

मोठ्या माणसांचे डाग वरवरचे असल्यास डॉक्टर घासून हलके करतात, खोल असल्यास दाताच्या रंगाचे सिमेंट भरतात. मोठेपणी कवच झिजते ते जोरात घासल्याने, रात्री दात खाल्ल्याने, आंबट पित्त वर येण्याने, बाटलीतल्या थंड पेयांनी. कमजोर दातांच्या माणसाने ऊस दाताने सोलू नये, कोयत्याने सोलून गंडेरी खावी.

आणि कारखान्याच्या अंकात असले तरी हे लिहिलेच पाहिजे. साखर असो की गूळ, तोंडातले जंतू त्याचे आम्ल करतात आणि कच्चे कवच आधी विरघळते. गोड जेवणाबरोबर खावे, दिवसभर चघळू नये. बाळाला गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नये.

2013 मध्ये आपल्याच राज्यात पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व सरकारी शाळेतील मुलांची तपासणी होते. तीत दातही पाहतात. पथक येईल त्या दिवशी मुलाला शेतावर नेऊ नये, शाळेत पाठवावे.

तूर्त एवढेच करा. घरात सहा-सात वर्षांचे मूल असेल तर आजच उजेडात त्याचे तोंड उघडून मागची दाढ बघा. आणि डागावरून त्याला बोलू नका.

आपला,
ऊस विकास अधिकारी