पूर्णांकन म्हणजे छाटणी नव्हे

पूर्णांकन म्हणजे दशांशी संख्येऐवजी तिच्या सर्वांत जवळचा पूर्णांक घेणे. तारापूर अणुविद्युत केंद्रात प्रत्येकी १६० आणि ५४० मेगावॉटचे दोन-दोन संच असून, त्यांच्या नोंदींच्या ॲरेत (मूल्यांच्या क्रमवार मांडणीत) १५९.६, ५३९.५ व ५४०.५ ही मूल्ये आहेत असे मानल्यास, पायथनच्या नमपाय संग्रहात मूल्यांचा प्रकार पूर्णांक केल्याने पूर्णांकन होते हा समज चुकीचा ठरतो. एखाद्या दुकानदाराने बिलावरचे पैसे सोडून द्यावेत, तसा दशांश भाग नुसता गळतो आणि १५९ उरतात. नमपायचे ‘राउंड’ हे फंक्शन मात्र १६० देते. नेमका अर्धा आल्यास ते सम पूर्णांक निवडते, म्हणून उरलेल्या दोन्ही मूल्यांचे ५४० होतात; हे शालेय नियमाहून वेगळे असले, तरी अर्धे नेहमी वर नेल्याने फुगणाऱ्या बेरजा त्यामुळे आटोक्यात राहतात.