गंजातूनच येतो काळा रंग : रस्ट ब्ल्यूइंगविषयीचे आठ गैरसमज

जॉन ब्राउनिंग यांनी घडवलेले .४५ कॅलिबरचे ‘१९११’ पिस्तूल अमेरिकी लष्कराने १९११ च्या मार्चमध्ये स्वीकारले आणि १९८५ पर्यंत तेच त्याचे मुख्य पिस्तूल राहिले. याच घडणीची नागरी पिस्तुलेही अमेरिकेत मोठ्या संख्येने विकली गेली. त्यांतली कित्येक आज आजोबांकडून नातवाकडे आली आहेत. यंत्र ठणठणीत असते, पण चामडी म्यानात घासून स्लाइडचे तोंड पांढरे पडलेले असते, मुठीच्या पुढच्या बाजूचा काळा रंग घामाने उडालेला असतो आणि मधूनमधून गंजाचे ठिपके असतात. असे पिस्तूल हाती आले की अनेकांना ते घरच्या गॅरेजमध्येच नव्याने काळे करावेसे वाटते.

त्यासाठी रस्ट ब्ल्यूइंग ही जुनी पद्धत सोयीची आहे. तिला महागडी यंत्रे लागत नाहीत आणि धगधगत्या क्षारांची टाकीही लागत नाही. पण तिच्याविषयीचे गैरसमज खूप आहेत आणि जवळजवळ सगळ्यांचे मूळ एकच आहे : ब्ल्यूइंग म्हणजे वरून दिलेला रंग, ही समजूत.

गैरसमज १ : ब्ल्यूइंग म्हणजे पोलादावर चढवलेला रंग.

वस्तुस्थिती : रस्ट ब्ल्यूइंगमध्ये वरून काहीच लावून ठेवले जात नाही. आम्लयुक्त द्रावणाचा अगदी पातळ हात फिरवून पोलादाच्या पृष्ठभागावर मुद्दाम बारीक गंज आणला जातो. मग तो भाग पाण्यात उकळला जातो. उकळत्या पाण्यात तांबूस गंजाचे मॅग्नेटाइट या काळ्या लोह-ऑक्साइडमध्ये रूपांतर होते. हा काळा थर पोलादातल्याच लोखंडाचा असतो आणि त्याची जाडी जेमतेम काही मायक्रॉन असते. एवढ्या पातळ थराखाली ओरखडा, खड्डा, कानशीची रेघ, काहीही लपत नाही. तयार पिस्तुलाचे रूप ब्ल्यूइंगआधीच्या तयारीवर ठरते. पुढचे जवळजवळ सगळे मुद्दे इथूनच निघतात.

गैरसमज २ : मुद्दाम गंज चढवला तर पिस्तूल खराब होईल.

वस्तुस्थिती : गंज किती खोल जातो, यावर सगळे अवलंबून आहे. वर्षानुवर्षे ओलाव्यात पडलेल्या लोखंडाचा गंज आत कुरतडत जातो आणि खड्डे पाडतो. रस्ट ब्ल्यूइंगचा गंज काही तासांचा असतो आणि खोल जाण्याआधीच उकळून थांबवला जातो.

एक फेरी जवळून पाहू. स्लाइड आधी अ‍ॅसिटोनने पुसून पूर्ण तेलमुक्त करतात. त्यानंतर तिला उघडा हात लावायचा नाही, कारण बोटाच्या तेलाचा ठसा राहिला तर तिथे गंज धरत नाही आणि डाग तसाच उमटतो. कापसाचा बोळा द्रावणात बुडवून घट्ट पिळतात, इतका की तो ओला नव्हे, फक्त दमट वाटावा. एका दिशेने एकच हात फिरवतात. पुन्हा त्याच जागी घासत नाहीत. मग स्लाइड दमट पेटीत टांगून ठेवतात. द्रावण आणि हवेतला ओलावा यांनुसार काही तासांत तिच्यावर मिरचीच्या भुकटीसारखी बारीक, एकसारखी तांबूस लव येते. थेंब ओघळले असतील, तर याच वेळी त्यांच्या रेषा दिसतात.

त्यानंतर स्लाइड डिस्टिल्ड पाण्यात दहा-पंधरा मिनिटे उकळतात. नळाच्या पाण्यातले क्षार पृष्ठभागावर डाग पाडतात, म्हणून डिस्टिल्ड पाण्याचा आग्रह. तांबूस लव डोळ्यांदेखत मखमली काळी होते. बाहेर काढून ती तेलमुक्त केलेल्या अतिबारीक स्टील वूलने किंवा मऊ तारेच्या ब्रशने हलकेच घासतात. सुटी काजळी निघून जाते आणि खाली पातळ करडा थर राहतो. पहिल्या फेरीनंतर तो विरळ आणि ठिगळ्याठिगळ्यांचा दिसतो. इथेच अनेक जण हिंमत सोडतात. पण प्रत्येक फेरीगणिक थर दाट होत जातो आणि साधारण पाच ते दहा फेऱ्यांत खोल, मंद काळा रंग येतो. फेऱ्या वाचवण्यासाठी द्रावण जास्त लावले किंवा स्लाइड जास्त वेळ गंजू दिली, तरच खड्डे पडायची भीती असते. कोकणच्या पावसाळ्यासारखी दमट हवा असेल तर गंज झपाट्याने धरतो. तिथे घड्याळापेक्षा डोळ्यांवर विसंबावे लागते.

गैरसमज ३ : बाटलीतल्या कोल्ड ब्ल्यूने तेच काम पाच मिनिटांत होते.

वस्तुस्थिती : कोल्ड ब्ल्यू ही वेगळीच रासायनिक क्रिया आहे. त्या द्रावणांत बहुधा सेलेनियम आणि तांब्याची संयुगे असतात. ती पोलादावर त्यांचा गडद थर बसवतात, पोलादाचे मॅग्नेटाइट करत नाहीत. म्हणून हा थर म्यानाच्या घासण्याने आणि घामाने लवकर उडतो. एखादा ओरखडा किंवा स्क्रूचे डोके काळे करायला कोल्ड ब्ल्यू ठीक आहे. संपूर्ण पिस्तुलासाठी त्यावर भरवसा ठेवू नये. सेलेनियमची संयुगे विषारी असल्याने हातमोजे आणि खेळती हवा तिथेही हवीच.

कारखान्यांतले हॉट ब्ल्यूइंग तिसऱ्या प्रकारचे. त्यात कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षारांचे द्रावण सुमारे १४० अंश सेल्सिअसला तापवतात. थर तोही मॅग्नेटाइटचाच असतो आणि एकाच बुडवणीत येतो. पण ते द्रावण अंगावर उडाले तर कातडी जाळते, म्हणून ते घरी करण्याचे काम नव्हे. शिवाय ते शिशा-कथलाचा डाख खाते. त्यामुळे दुनळी बंदुकांच्या डाख दिलेल्या नळ्यांना आजही रस्ट ब्ल्यूइंगच करतात. महाराष्ट्रात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घरात असलेल्या जुन्या बारा बोअरच्या दुनळीलाही हाच नियम लागू पडतो.

गैरसमज ४ : जुना थर काढायला आम्ल जितके जहाल तितके चांगले.

वस्तुस्थिती : जुने ब्ल्यूइंग आणि गंज ही दोन्ही लोखंडाची ऑक्साइडेच आहेत. साधे पांढरे व्हिनेगर किंवा फॉस्फोरिक आम्लाचे सौम्य गंजनाशक त्यांना विरघळवते. बाथरूम धुण्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल थर क्षणात काढते आणि लगेच खालच्या पोलादाला लागते. त्याच्या वाफा खोलीतली इतर हत्यारेही गंजवतात. आम्लाची बाटली ब्लीचच्या जवळसुद्धा नेऊ नये. दोन्ही एकत्र आली की विषारी क्लोरीन वायू सुटतो. सौम्य आम्लातही भाग विसरून राहता कामा नये. मधूनमधून काढून पाहावा, थर निघाला की लगेच धुवावा आणि कोरडा करावा.

धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात वीज सोडून गंज काढण्याची युक्तीही लोकप्रिय आहे. तिच्यात दुसरे टोक म्हणून स्टेनलेस स्टील कधीच वापरू नये. त्यातून हेक्साव्हॅलंट क्रोमियम पाण्यात उतरते आणि ते कर्करोगकारक आहे. शिवाय आम्ल आणि वीज या दोन्हींमुळे कठीण पोलादात हायड्रोजन शिरतो आणि पोलाद ठिसूळ होते. म्हणून स्प्रिंगा अशा द्रावणात मुळीच टाकू नयेत.

गैरसमज ५ : आरशासारखे पॉलिश केले की ब्ल्यूइंग आरशासारखे येते.

वस्तुस्थिती : रस्ट ब्ल्यूइंगचे सौंदर्य मंद, सॅटिन झळाळीत आहे. गंजाला पकड मिळायला पृष्ठभाग किंचित खरखरीत लागतो. ३२० ते ४०० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंतची तयारी बहुधा पुरते. त्याहून गुळगुळीत केले तर गंज नीट धरत नाही.

नुकसान सगळ्यांत जास्त होते ते फिरत्या बफिंग चाकावर. चाक धारा गोल करते, स्क्रूच्या भोकांच्या कडा खोलगट करते आणि कोरलेली अक्षरे पुसट करते. गेलेले पोलाद कोणत्याही द्रावणाने परत येत नाही. म्हणून सपाट भागांवर पेपर नेहमी कठीण, सपाट ठोकळ्याला गुंडाळून एकाच दिशेने चालवावा. खड्डे काढायचे म्हणजे त्यांच्या भोवतीचे सगळे पोलाद तितकेच खाली आणावे लागते. कोरलेल्या अक्षरांजवळ खोल खड्डा असेल, तर तो तसाच ठेवण्यात शहाणपण आहे.

गैरसमज ६ : कोणतेही पिस्तूल, सगळ्या भागांसकट, असे काळे करता येते.

वस्तुस्थिती : ही क्रिया गंजणाऱ्या कार्बन स्टीलसाठी आहे. म्हणूनच पिस्तुलाची फ्रेम पोलादी हवी. याच घडणीच्या कोल्ट कमांडर या पिस्तुलाची मूळ फ्रेम अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची आहे. रस्ट ब्ल्यूइंगने ती काळी होणार नाही, उलट आम्लाने खराब होईल. स्टेनलेस आणि निकेल मुलामा दिलेले भागही बाद. लोहचुंबक लावून पाहिले की अ‍ॅल्युमिनियम ओळखू येते, पण काही स्टेनलेसही चुंबकाला चिकटते. त्यामुळे मॉडेलची खात्री करून घ्यावी. स्प्रिंगा, फायरिंग पिन आणि घोडा-चाप यांचे एकमेकांवर घासणारे भाग बाजूला ठेवावेत. नळीची दोन्ही तोंडे घट्ट बुचांनी बंद करावीत, म्हणजे आतल्या आट्यांना गंज लागणार नाही.

एकाच पिस्तुलाचे सगळे पोलादही सारखे वागत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या १९११ए१ या सुधारित आवृत्तीच्या पिस्तुलांच्या स्लाइडचे काही भागच उष्णतेने कठीण केलेले असतात. तिथे रंग वेगळा उमटू शकतो. तो कारागिराचा दोष नव्हे.

गैरसमज ७ : पाण्यात उकळल्याने पोलाद नरम पडते, पण एकदा ब्ल्यूइंग झाले की गंजाची चिंता मिटते.

वस्तुस्थिती : दोन्ही अर्धी वाक्ये चूक आहेत. पाणी १०० अंशांपलीकडे जात नाही आणि पिस्तुलाच्या पोलादाची कठिणता त्या तापमानाला ढळत नाही. गंजापासूनचे संरक्षण मात्र या थरात स्वतःहून फारसे नाही. तो सच्छिद्र असतो, म्हणून तेल धरून ठेवतो, आणि ते तेलच खरे राखण करते. शेवटच्या उकळीनंतर भाग गरम असतानाच पाणी घालवून तेलात बुडवतात आणि रात्रभर ठेवतात. पुढेही दर हाताळणीनंतर तेलाचा पुसट हात हवा. चामडी म्यानात पिस्तूल महिनोन्‌महिने ठेवू नये, कारण चामडे ओलावा धरून ठेवते.

गैरसमज ८ : पिस्तूल माझे, घर माझे. नवे केले की किंमतही वाढेल.

वस्तुस्थिती : संग्राहक मूळ कारखान्याच्या थराला किंमत देतात, तो झिजलेला असला तरी. पहिल्या महायुद्धातले मूळ ब्ल्यूइंग शाबूत असलेले १९११ किंवा युद्धकाळातल्या फॉस्फेट थराचे १९११ए१ घासून काळे केले, तर त्याचे मोल बहुधा घटते, काम कितीही सुबक असो. पूर्वीच कोणी बफ करून बिघडवलेले, किंवा संग्राहकमूल्य नसलेले पिस्तूल या कामासाठी योग्य.

कायदाही पाहावा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार स्वतःच्या पिस्तुलाला ब्ल्यूइंग करायला परवाना लागत नाही. दुसऱ्यांसाठी तो व्यवसाय करायचा तर लागतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकांची दुरुस्ती करण्याच्या व्यवसायाला परवाना लागतो, म्हणून इथे हे काम परवानाधारक गनस्मिथकडेच न्यावे. अनुक्रमांक पुसणे दोन्ही देशांत गुन्हा आहे. त्या जागी पॉलिश पेपरसुद्धा लावू नये. आणि कोणत्याही देशात पहिली पायरी एकच : मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा, आणि काडतुसे खोलीबाहेर ठेवा.

एवढे सगळे पाहिल्यावर निर्णय अवघड राहत नाही. पिस्तूल मूळ थरातले असेल, तर गंजाच्या ठिपक्यावर तेल सोडून तांब्याच्या तुकड्याने तो हलकेच खरवडावा आणि थांबावे. ते आधीच बिघडलेले असेल आणि कायदा मुभा देत असेल, तर रस्ट ब्ल्यूइंग जरूर करावे. मात्र निम्म्याहून अधिक वेळ ठोकळा, पेपर आणि सफाईसाठी राखून ठेवावा आणि पहिल्या फेरीच्या करड्या ठिगळांना घाबरू नये. या पद्धतीत पोलाद जसे तयार केले असेल, तसेच शेवटी दिसते.